लग्नाच्या आदल्या दिवशी चिकटवलेला ब्रिज

"आता तोंड मिटा," मी म्हटलं. सेतुमाधव रावांनी मिटायचा प्रयत्न केला, पण ते पुरतं मिटेना. वरचे पुढचे दात खालच्यांवर आदळत होते आणि मागे दाढांमध्ये फट राहत होती. हिरडी लालभडक झाली होती. शनिवार, दुपारचे तीन वाजलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या नातीचं लग्न.

राव माझे जुने पेशंट. संरक्षण खात्याच्या कारखान्यात जन्मभर इन्स्पेक्टर होते. घराणं तंजावरकडचं मराठी. मी साताऱ्याची, नवऱ्याच्या नोकरीपायी चेन्नईला आले आणि वेलचेरीत दवाखाना थाटला. ते 'बघा'ला 'पळा' म्हणतात आणि 'सगळं'ला 'अस्क'. त्यांचं ते जुनं मराठी ऐकायला मिळावं म्हणून मी त्यांच्या अपॉइंटमेंटला मुद्दाम जास्त वेळ ठेवते.

पुढचा एक दात नसला की शेजारचे दोन दात घासून त्यांच्यावर टोप्या बसवतात आणि मध्ये त्यांना जोडलेला खोटा दात असतो. हा झाला ब्रिज. तो सिमेंटने चिकटवलेला असतो. बऱ्याच वर्षांनी सिमेंट झिजतं आणि एक दिवस ब्रिज हातात येतो. रावांचा तट्टै खाताना आला. तट्टै म्हणजे तांदळाच्या पिठाची कडक पुरी, लग्नघरात डबे भरून केलेली.

"मग काय केलंत?"

"एमरी पेपरनं आतून घासलं. ग्रिप पाहिजे ना. मग दोन ट्यूबचं एपॉक्सी मिक्स केलं, लावलं, आणि टॉवेलनं जबडा बांधून वीस मिनिटं बसलो. क्लॅम्पिंग."

पाण्याच्या पाइपला लावायचं एपॉक्सी! मला राग पटकन येतो, आणि आवडत्या माणसांचा जरा जास्तच येतो.

"अहो राव, तोंड आहे का गिअरबॉक्स? फोन करायला काय झालं होतं?" असं म्हणून मी आरसा त्यांच्या तोंडात घातला. दातांच्या डॉक्टरांची ही सवयच. प्रश्न विचारायचा आणि उत्तर द्यायला जागा ठेवायची नाही.

आधी ब्रिज ठोकून काढायचं हत्यार वापरून पाहिलं. तो ढिम्म हलला नाही.

"पळा, डॉक्टरम्मा. जॉइंट स्ट्राँग आहे," राव म्हणाले. आवाजात चक्क अभिमान!

"स्ट्राँग आहे आणि वाकडा आहे. कापायला लागेल. कापला की हा गेला, परत लावता येणार नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "उद्या मंगलाष्टकं आहेत. माझ्या आजीनं रचलेली, मराठीतली. मुलगा तमिळमध्ये बोलतो, नात इंग्लिशमध्ये. अस्क मीच म्हणायचं. दुसरं कोणी राहिलं नाही. पुढचे दात नाहीत तर शब्द कसे येतील?"

मला गलबलून आलं. ते लपवायला मी माप घ्यायची पावडर कालवायला घेतली.

माप घेतलं, ब्रिज कापून काढला. टोपीखालच्या एका दाताचा कोपरा तुटला होता, पण दात वाचला. मग ॲक्रिलिकचा तात्पुरता ब्रिज खुर्चीशेजारीच तयार केला. असा ब्रिज मुद्दाम कच्च्या सिमेंटने लावतात, पुढे सहज काढता यावा म्हणून.

"म्हणून बघा आता," मी सांगितलं.

राव खुर्चीत ताठ बसले आणि गायला लागले. प्रत्येक 'स'बरोबर शिट्टी वाजली. मी थोडं घासलं. परत गाणं, परत शिट्टी. मग त्यांनी हातात आरसा घेतला, बराच वेळ निरखून पाहिलं आणि एका जागी नख ठेवलं. "इथं जास्त आहे." मी निळा कागद चावायला दिला. उंच असेल तिथे तो ठिपका उठवतो. ठिपका नेमका त्यांच्या नखाखाली उठला. तेवढं घासल्यावर 'सावधान' स्वच्छ ऐकू आलं. बाहेर बसलेल्या पेशंटनी टाळ्या वाजवल्या.

उठताना ते शांतपणे म्हणाले, "फोन केला होता, डॉक्टरम्मा. बुधवारी."

मी रिसेप्शनवरच्या सेल्वीकडे पाहिलं. तिने रजिस्टर उघडलं. नोंद होती. तिने विचारलं होतं, "वलि इरुक्का?" म्हणजे दुखतंय का? राव खरं बोलणारा माणूस. दुखत नव्हतं, तर नाही म्हणाले. दुखत नसेल त्याला पुढच्या आठवड्यातली वेळ द्यायची, हा नियम माझाच. तासभर मी ज्यांना झापलं, त्यांची चूक नंतरची होती. आधीची माझी होती.

"सॉरी, राव," मी म्हटलं.

"परवाइल्लै," ते म्हणाले. असू दे. "उद्या या."

मी गेले. मागच्या रांगेत बसून प्रत्येक 'स'ला श्वास रोखला. रावांचा आवाज कापरा होता, पण शब्द सगळे जागच्या जागी पडले. एकही मुलगा मोबाइलकडे बघत नव्हता. शेवटच्या अष्टकाला नवरी अंतरपाटाआड हमसून रडली. तिला त्यातले निम्मे शब्द कळत नसावेत. मीही रडले, आणि मला तर सगळे कळत होते.

तर ब्रिज पडला की धुवा, डबीत ठेवा, घरातला कुठलाही गोंद लावू नका आणि डॉक्टरला फोन करा. सेल्वी आता आधी दुखतंय का विचारते. मग विचारते, "या आठवड्यात घरात काही आहे का?"