लंकेला जायचा-यायचा रस्ता

"आई, त्याचं घर लंकेत हाये," असं माझ्या मुलीनं सांगितलं तेव्हा माझे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, पुढच्या खोलीत चहा पीत बसले होते. कप तोंडाशी तसाच धरून ते म्हणाले, "लंकेत? म्हंजे पासपोर्ट लागन."

"नाही जी, मोठेबाबा. आंध्रात. गोदावरी समुद्राजवळ गेली का तिचे फाटे होते. मधात जे बेट राहते त्याले तिकडं लंका म्हणते."

"सोन्याची हाये का साधी?"

"केळीची," मुलगी म्हणाली आणि आत माझ्याजवळ आली. तिचा चेहरा उतरला होता.

मुलगी नागपुरात एका दवाखान्यात नर्स आहे. ज्याच्याशी तिला लग्न करायचं होतं तो मुलगा मौद्याकडे बिजलीघरात कंत्राटावर होता. डेंग्यूनं आठ दिवस भरती झाला, तेव्हा दोघांची ओळख झाली. मुलगा चांगला आहे, हे मला दिसत होतं. आमच्या घरी आला की चप्पल स्वतःच नीट लावून ठेवायचा आणि मला काकू म्हणायचा. पण त्याचं कंत्राट संपत होतं. त्याला आता घरी जाऊन केळीची बाग पाहायची होती, कारण घरी त्याची आई एकटी होती. मुलीला तिकडच्या शहरात काम मिळणार होतं. म्हणजे मुलगी कायमची त्या बेटावर जाणार, आणि मी इकडे सक्करदऱ्याला गांधीबागेतल्या दुकानांच्या साड्यांना फॉल लावत बसणार.

मुलीनं मला सांगून ठेवलं होतं. "आई, तू नाही म्हटलं तर मी नाही करणार. पण न पाहता नाही म्हणू नको."

एवढं मोठं काम तिनं माझ्यावर टाकलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. चार माणसांत बोलायचं झालं की मी दुसऱ्याला पुढे करते. दोन दिवस मी विचार केला. मुलगा कसा आहे ते कळलं होतं. घर, शेती, भांडीकुंडी यांचं मला फार नव्हतं. मला एकच गोष्ट पाहायची होती. मुलीला कधी घाईनं आईकडे यायचं झालं, तर ती त्या बेटावरून एकटी निघू शकेल की नाही? जर येता येत नसेल, तर मी नाही म्हणणार होते. मुलगी रडली असती तरी.

मुलीचे बाबा आता नाहीत, आणि बाईमाणसानं एकटीनं स्थळ पाहायला कसं जायचं, म्हणून भासरे सोबत निघाले. आमच्याकडे भासऱ्यांसमोर डोक्यावरून पदर घ्यायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, अशी रीत. पंचवीस वर्षांत मी त्यांच्याशी समोरासमोर बोलले नव्हते. तेही माझ्याशी दुसऱ्या कोणाला सांगितल्यासारखं बोलत. गाडीत आम्ही दोघंच समोरासमोर होतो, तरी ते खिडकीकडे पाहून म्हणायचे, "पोरीच्या मायनं काही खाऊन घ्यावं." मी डबा उघडायचे.

सकाळी मुलगा तिकडच्या स्टेशनवर घ्यायला आला आणि आम्हाला कालव्याच्या घाटावर घेऊन गेला. तिथे त्याची आई नाव घेऊन थांबली होती. माझ्याच वयाची, काळीसावळी, बारीक, साडीचा काचा मारलेला. केळीचे घड बाजारात उतरवून ती रिकामी नाव परत नेत होती. नाव लहानच होती, मागे डिझेलचं इंजिन. तिनं हात जोडले, मीही जोडले. तिला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं आणि मला तर अनोळखी माणसासमोर मराठीही येत नाही. म्हणून आम्ही दोघी नुसत्या हसलो.

"हा सीधा रस्ता हाये काय?" भासऱ्यांनी मुलाला विचारलं.

"दुसरा बी हाये, मोठेबाबा. पंटीनं, म्हंजे मोठ्या तराफ्यानं, नदी पार करायची, मग ऑटोनं दीड घंटा वळसा. ऑटो भेटला तर. आई नेहमी इकडूनच जाते. मधात दोन लाकू लागते."

"लाकूड?"

"लाकू. पाण्याचे दरवाजे. तुमी पाहाच."

मुलगा मौद्याला राहून आमच्यासारखंच बोलायला शिकला होता. कालव्याचं पाणी गढूळ, हिरवट होतं. तो मला म्हणाला, "काकू, हे पाणी तुमच्याकडूनच येते. मौद्याची कन्हान वैनगंगेत जाते, वैनगंगा पुढं गोदावरीत, अन् गोदावरीचं पाणी या कालव्यात."

"म्हंजे नागपूरचं गटार, आमची नागनदी, बी आली इथं," भासरे म्हणाले. त्यांनी पाण्यात घातलेला हात बाहेर काढून धोतराला पुसला. मुलानं हे आईला सांगितलं असावं, कारण ती इंजिनाजवळ बसून इतकी हसली की नाव थोडी हलली.

तासाभरानं पहिला लाकू आला. कालवा तिथे संपल्यासारखा वाटला. दोन्हीकडे दगडी भिंती आणि पुढे बंद दरवाजा. नाव आत गेली, मागचा दरवाजाही बंद झाला. आम्ही पाण्यानं भरलेल्या एका मोठ्या हौदात होतो. वर एक म्हातारा लोखंडी चाक फिरवायला लागला. चाक जड होतं, म्हणून मुलगा उडी मारून त्याच्या मदतीला गेला. जाताना त्यानं नावेच्या पुढच्या टोकाची दोरी भासऱ्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "ही वरच्या कडीतून घेऊन धरून ठेवा."

भासऱ्यांना धरून ठेवणं पटलं नाही. त्यांनी ती दोरी भिंतीतल्या कडीला दोन वेढे देऊन कचकचून गाठ मारली आणि हात झटकून बसले. "धरून काय राह्यचं? आता हालनार बी नाही."

पुढच्या दरवाज्यातून पाणी जायला लागलं. आवाज फार नव्हता. ओल्या भिंती वर वर जात आहेत असं वाटत होतं, पण खाली जात होतो आम्ही. तेवढ्यात नावेचं पुढचं टोक खाली जायचं थांबलं. मागची बाजू उतरत होती आणि पुढची वरच लटकली होती. माझी पिशवी घसरत मुलाच्या आईच्या पायाशी गेली. ती दोरीकडे हात करून ओरडली, "वदुलु! वदुलु!"

भासरे गाठ सोडायला लागले. पण नावेचा सगळा भार त्या गाठीवर आलेला, ती कशी सुटणार? मला काय झालं कोण जाणे, मी मोठ्यानं बोलले.

"बैल बांधला काय, भाऊजी? पाणी खाली चाल्लं ना! दोरी सोडत राहा लागते!"

मुलाच्या आईनं झेप घेतली आणि केळी कापायच्या कोयत्यानं एका घावात दोरी तोडली. नाव धपकन पाण्यावर बसली. आम्ही सगळे भिजलो. वरून मुलगा वाकून विचारत होता, "लागलं काय? काकू, लागलं काय?"

भासरे माझ्याकडे पाहत होते. पहिल्यांदाच सरळ पाहत होते. मग मान वळवून मुलाला म्हणाले, "पोरीच्या मायले आवाज हाये म्हनायचा." मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

नदीकडच्या लाकूला बटणाची मोटार होती, तिथे काही त्रास झाला नाही. दुपारपर्यंत आम्ही लंकेत पोचलो. घर नीट होतं. जमिनीपासून उंच बांधलेलं, संडास पक्का, चूल आणि गॅस दोन्ही. जेवायला मासे होते. आम्ही माळकरी नाही, तरी भासऱ्यांनी काटे काढता काढता बारा खोड्या काढल्या. मी भिंतीवरची एक रेघ पाहत होते. मुलाला विचारलं, "हे काय?"

"पुराचं पाणी इथवर येते, काकू. काही वर्षी येते, काही वर्षी नाही."

"मग?"

"चार दिवस आधी कळते. तवा आई शहरात मावशीकडं जाते. नाही गेलं तर आठेक दिवस अडकते."

त्यानं लपवलं नाही, हे मला आवडलं. पण आठ दिवस ही गोष्ट माझ्या मनात रुतली. भासरे लगेच म्हणाले, "ऐकलं? झालं पाहून. चला आता."

निघायच्या वेळी मी पदर नीट केला आणि मुलाला म्हटलं, "तू आमच्यासोबत येऊ नको. भाऊजीले घेऊन पंटीनं जाय. मी अन् तुही आई, आमी दोघीच नावेनं येतो."

"काहून, काकू?"

"माझ्या पोरीले यायचं झालं तर दरवेळी तू राहशीन काय सोबत?"

भासरे म्हणाले, "पोरीच्या मायले पोहता येते काय, विचारा."

"नाही येत," मी त्यांनाच सांगितलं. "आज मी बुडाली तर पोरगी देऊ नका."

मुलानं आईला समजावलं. ती आधी नाही नाही म्हणत होती. मग तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि नावेत जागा करून दिली.

नदीतून आम्ही कालव्याकडे आलो. बटणाचा लाकू पार झाला. ऊन कलत होतं. पुढे तो हाताच्या चाकाचा लाकू आला, तर वर तो म्हातारा एकटाच. त्यानं हातानं खूण केली की एकट्याला चाक फिरत नाही. मुलाच्या आईनं काठावरच्या चहाच्या टपरीकडे पाहिलं. तिथे दोनतीन माणसं बसली होती. ती हाक मारणार, तेवढ्यात मी तिचा हात धरला. आधी माझ्याकडे बोट केलं, मग दोरीकडे. मग तिच्याकडे आणि वरच्या चाकाकडे. तू वर जा, मी दोरी धरते.

तिनं मान हलवली. मी दोरी सोडली नाही. शेवटी तिनं दोरी कडीतून ओवून माझ्या हातात नीट दिली, ओढून दाखवलं आणि म्हणाली, "लागु." मग पायऱ्या चढून गेली.

मी नावेत एकटी राहिले. या वेळी पाणी वर येणार होतं, म्हणजे दोरी सोडायची नव्हती, ओढत राहायची होती. मागचा दरवाजा बंद झाला. खालून वर पाहिलं तर आभाळाची एक पट्टी होती आणि तिच्यात दोन डोकी. मग पाणी आत घुसलं. जाताना ते शांत गेलं होतं, येताना उकळत्या भातासारखं आलं. नाव मागे ओढली गेली, मग भिंतीवर आदळली. मी भीतीनं दोरी घट्ट ओढली, तर नाव आडवी व्हायला लागली. सैल सोडली, तर ती मागे पळाली. तळहात सोलला.

लग्नानंतर बरीच वर्षं मी सासरच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरल्या आहेत. सूत चिमटीतून जातं. जोरात धरलं तर तुटतं, ढिलं धरलं तर कांडी फुसकी होते. बोटांनाच कळतं किती धरायचं. मी पाण्याकडे पाहणं सोडलं आणि फक्त दोरीकडे पाहिलं. जेवढी ढिली झाली तेवढी घेतली. पुन्हा ढिली झाली, पुन्हा घेतली. वरून मुलाच्या आईचा आवाज येत होता, "लागु! लागु!" चाक फिरवता फिरवता ती धापा टाकत होती. मीही मोठ्यानं म्हणायला लागले, "लागु, लागु." टपरीवरची माणसं काठावर येऊन पाहत होती. एरवी मी तिथेच मेले असते लाजेनं. त्या वेळी मला त्यांच्याकडे पाहायला सवड नव्हती.

भिंत हळूहळू संपली. माझं डोकं काठाच्या वर आलं. आधी म्हाताऱ्याचे पाय दिसले, मग तिचे, मग सगळा कालवा, दोन्हीकडची भातशेती आणि मावळतीचं ऊन. दरवाजा उघडला. ती खाली आली, माझा तळहात उलटा करून पाहिला आणि आपल्या पदराच्या टोकानं त्याला पट्टी बांधली. मग स्वतःचा हात माझ्यासमोर धरला. तिच्या तळहातावर आडवा जुना घट्टा होता, दोरीचाच.

घाटावर भासरे आणि मुलगा आधीच येऊन उभे होते. ऑटो मिळायला तासभर लागला होता म्हणे. भासऱ्यांनी माझ्या हाताची पट्टी पाहिली.

"काय ठरवलं?" त्यांनी विचारलं. मलाच विचारलं.

"रस्ता कठीण हाये, भाऊजी. पुराचे आठ दिवस मले काही पसंत नाही. पण एरवी बाई आपल्या हातानं येऊ शकते. मी आली ना."

"उद्या काही झालं तर मले म्हणू नको."

"नाही म्हणणार. माझी पोरगी हाये."

त्यांनी माझी पिशवी उचलली.

स्टेशनवर गाडी यायला वेळ होता. मुलीला फोन लावला. तिनं पहिल्याच घंटीला उचलला. पुराचे आठ दिवस तेव्हाही माझ्या मनात होते, आजही आहेत. तरी माझं ठरलं होतं.

"तुले पोहता येते काय वं?" मी विचारलं.

"नाही. काहून?"

"उद्यापासून शीक. पोहता आलं का इकडं ये, नाव शीक. त्याच्यानंतर तारीख धरू."