पाळण्यावरचं नाव

पाळण्यावर थर्माकोलची गुलाबी अक्षरं लावली होती, त्रियाना. आत्या म्हणून ते नाव बाळाच्या कानात मलाच सांगायचं होतं आणि जीभ अडखळत होती. कुठल्याशा नटीच्या बाळासारखं नाव, अशी बायकांची कुजबुज चालली होती.

"वन्सं, तुम्हालाही नाही ना आवडलं?" भावजय सुनीतानं हळूच विचारलं. मग तीच म्हणाली, "दवाखान्यात ही काचेच्या पेटीत होती ना, पेटीवर नुसतं 'सुनीताचं बाळ' लिहिलेलं. शेजारच्या पेटीवरही तेच. ते बाळ गेलं, तेव्हा नर्सनं दारातून नुसतं 'सुनीता' म्हणून हाक मारली. तेव्हाच ठरवलं, दुसऱ्या कुणाचंच नसेल असं नाव ठेवायचं."

माझ्या आधीची दोन भावंडं गेली, म्हणून आईनं माझं नाव धोंडी ठेवलं. दगडाला कोण उचलून नेतंय, असं तिला वाटलं असेल. चौथीपर्यंत शाळेत सगळे हसायचे आणि मी घरी येऊन आईवर रुसायची.

मी पाळण्यात वाकले. "कुर्रर्र, त्रियाना." अजिबात अडखळले नाही. एकदा पुरे होतं, मी दोनदा सांगितलं.