दोन वेण्यांची खूण

आमच्या घरात प्रत्येकाला दोन नावं होती. एक हाक मारायचं आणि एक आत्याच्या हातातलं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच्या तापात तिचे कान गेले, मागोमाग बोलणंही गेलं. कानामागे टाक खोवल्यासारखं केलं की वडील, कारण ते कचेरीत कारकून. नाकाशी चिमूट नेली की नथ, म्हणजे आई. उजव्या हाताची दोन बोटं खांद्यावरून खाली ओढली की दोन वेण्या, म्हणजे मी. इंग्रजी शाळेत घातल्यापासून रिबिनी बांधून माझ्या वेण्या तीच घालायची.

मी मॅट्रिकला होते. सोलापूरच्या त्या उन्हाळ्यात जळण मोडताना तिच्या उजव्या तर्जनीत बाभळीचा काटा मोडला. आईनं हळद-कणकेचं पोटीस बांधलं. ती बोट दाखवत राहिली, आम्ही पोटीस बदलत राहिलो. आठव्या दिवशी शेजारचं बोटही काळं पडलं, तेव्हा वडिलांनी टांगा आणला. मला बरोबर घेतलं ते इंग्रजी येतं म्हणून.

दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला आणि मला इंग्रजीत सांगितलं, दोन्ही बोटं आजच काढावी लागतील, नाहीतर विष अंगभर जाईल. मग म्हणाल्या, "मला मान हलवून काय दाखवतेस? तिला सांग. हात तिचा आहे."

सांगणं अवघड नव्हतं. घरी असते तर मी दोन बोटं धरून कात्रीची खूण केली असती आणि तिला कळलं असतं. ती माझ्याकडेच पाहत होती. पण व्हरांडाभर माणसं बसली होती. मघाशी आत येताना आत्यानं मला काही विचारलं आणि मी हातांनी उत्तर दिलं, तेव्हा एक बाई शेजारणीला म्हणाली होती, "बघ की गं, शाळेतली पोरगीबी मुकीसंगं माकडावानी हात नाचवतीया!" दोघी हसल्या. तेव्हापासून माझे हात पदराखाली होते.

दवाखान्यातली आया म्हणाली, "तिला काय इचारायचं, ताई? मुक्या जनावराला इचारून सुई टोचत्यात व्हय?"

वडील हलकेच म्हणाले, "उशीर होतोय. समजलंय म्हणून सांग."

"यस, डॉक्टर," मी म्हणाले, "तिला समजलंय."

आत्या निमूट आत गेली. तिला वाटलं असेल, काटा काढणार.

शुद्धीवर आली तेव्हा तिनं मला शोधलं. पट्टी बांधलेला हात खांद्याशी नेला आणि खाली ओढला. खूण झाली नाही. पुन्हा ओढला. मग तिनं हाताकडे पाहिलं.

पट्टी बदलायला आम्ही एक दिवसाआड जायचो. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दुखतं का? वडील मला म्हणाले, "थोडंसं, म्हण."

"थांबा, ती सांगेल," मी म्हणाले. वडिलांना उलट बोलले ते तेव्हा पहिल्यांदा. उन्हासाठी आणलेली छत्री हातातून खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर हातांनी आत्याला विचारलं. कुणी हसलं की नाही ते पाहिलं नाही. आत्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. बाई थांबल्या. बऱ्याच वेळानं आत्यानं डावा हात उचलला आणि मला नाही, बाईंना दाखवलं: खूप.

आता ती सगळं डाव्या हातानं बोलते. टाक, नथ, सगळी नावं त्या हातात आली. मला बोलवायचं झालं तर मात्र पातेल्यावर पळी वाजवते. दारात अनोळखी माणूस आला की आम्हाला सांगायला वाजवायची, तशी.

आई म्हणते, मोठी झालीस, आता एक वेणी घाल. मी दोनच घालते.