ॲसिडिटीपुरता डॉक्टर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार सरोजिनी नगरच्या काकांचे. नात्याने ते माझे कोणी नव्हेत. वडिलांच्या गावचे, केंद्र सरकारच्या नोकरीतले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. मला दिल्लीत मेडिकलला प्रवेश मिळाला, तेव्हा काकांनी क्वार्टरची मागची बाल्कनी प्लायवूडने बंद करून मला खोली करून दिली. माझं इंग्रजी कच्चं होतं. ऑफिसातून आले की ते माझ्याकडून पुस्तकाचं पान मोठ्याने वाचून घ्यायचे.

पुढे मी पोटविकारांचा डॉक्टर झालो. तोंडावाटे दुर्बीण घालून अन्ननलिका, जठर तपासायचं, रक्त वाहत असेल तर तिथेच क्लिप लावून थांबवायचं, हे माझं रोजचं काम. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत काका माणसं धरून आणायचे. "ह्याला दाखवा. घरचा डॉक्टर आहे."

एका रविवारी जेवायला गेलो, तर काकांच्या ताटात नुसता मऊ वरणभात. चेहरा पांढराफटक.

"काय झालं, काका?"

"काही नाही रे, जरा पथ्य."

"डॉक्टरांनी सांगितलंय," काकू बोलून गेल्या.

"कुठल्या डॉक्टरांनी?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गुडघ्यांसाठी केमिस्टकडून आणलेल्या गोळ्या खाऊन खाऊन जठरात अल्सर झाला होता. शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं, चक्कर आली, आणि करोल बागेतल्या एका खाजगी डॉक्टरने दुर्बिणीतून क्लिपा लावल्या. त्यालाही बरेच दिवस झाले होते. मधल्या काळात मी फोन केला, तेव्हा "सब बढिया" म्हणून काका हसले होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"अरे यार, ॲसिडिटीबिसिडिटीला तू बिल्कुल ठीक आहेस. पण रक्त पडायला लागल्यावर म्हटलं, मोठा डॉक्टर बघावा."

"मी हेच करतो, काका. रोज."

"करत असशील. पण मी तुला अडखळत वाचताना पाहिलंय ना. तूच नळी घालणार म्हटल्यावर माझी छाती होईना."

"अहो, काय बोलताय!" म्हणत काकूंनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. सगळ्या मंडळाची पोटं त्यांनी माझ्या हवाली केली होती, स्वतःचं तेवढं सोडून.

निघताना विचारलं, "पुन्हा कधी बोलावलंय?"

"बोलावलं होतं. आता दुखत नाही. चलो, विषय संपला."

मी पुन्हा सांगून पाहिलं, त्यांनी हसण्यावारी नेलं. जन्मभर फायली हाताळलेल्या माणसाला लेखी लागतं, म्हणून घरी येऊन हे पत्र लिहिलं आणि पाठवलं:

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

दुखणं थांबलं म्हणजे अल्सर भरला, असं नसतं. जठरातला अल्सर कधी कधी कॅन्सरही असतो. रक्त वाहत असताना अल्सरच्या कडेचा तुकडा बहुधा तपासायला घेतला नसेल. दुर्बीण पुन्हा घालावीच लागेल. हे मी घाबरवायला लिहीत नाही. तुमच्या जागी दुसरा कोणी असता तरी हेच सांगितलं असतं.

माझ्याकडे येऊ नका. करोल बागेतच जा. तुमचा विश्वास तिथे आहे आणि तपासणी होणं महत्त्वाचं आहे.

मला फार लागलं आहे, काका. तुम्ही मला वाचायला शिकवलंत आणि माझ्या शिकण्यावर तुमचाच भरवसा नव्हता. हे मला इतक्यात विसरता येणार नाही. पण त्यापायी तुम्ही तपासणीला जायचं थांबू नका. रिपोर्ट मला दाखवला नाहीत तरी चालेल. फक्त काय निघालं ते काकूंना मला कळवायला सांगा.

आपला,
घरचा डॉक्टर