मामांच्या हातातलं घड्याळ

"हात पुसून घ्या पोट्टेहो, घड्याळ कुठी पळून नाही जाऊन राह्यलं," असं म्हणत मामा स्टॉपवॉचवर अंगठा ठेवायचे. ठेवायचे फक्त, दाबायचे नाहीत. तुमच्याही कॉलेजात असा एखादा माणूस असेल. आमचे मामा मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते आणि मी तिथला प्राध्यापक.

दरवर्षी मी पहिल्या वर्षाच्या मुलांची बुद्धीची आणि आवडीनिवडीची चाचणी घेतो. प्रश्नपुस्तिका माझ्या, गुण काढायचे मी, आलेख काढायचा मी. मुलं मात्र मामांची. मी वर्गात शिरलो की माना खाली जायच्या, आणि मामा पाण्याचा जग घेऊन आले की सगळ्यांच्या जिवात जीव यायचा. सरळच सांगतो, मी जळायचो त्यांच्यावर.

अमडापूरहून येणाऱ्या एका मुलीला मी तासभर तिचा आलेख समजावला. आकड्यांची आवड आहे, बुद्धी आहे, संख्याशास्त्र घे म्हटलं. "हो सर, हो सर" करत ती बाहेर गेली आणि व्हरांड्यात मामांना म्हणाली, "मामा, तुमाले काय वाटते?"

मी दाराआड कान देऊन उभा. मामांनी भलतंच काही सांगितलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. ते म्हणाले, "सर सांगतात ते बरोबरच असन माय. बिनघोर घे." पोरगी हसत निघाली. माझ्या सल्ल्यावर दहावी नापास माणसाचा शिक्का लागतो, हे मला आठवडाभर टोचत राहिलं.

मग मी त्यांची चूक शोधायलाच बसलो. पुढच्या चाचणीला सापडले. मी "सुरू करा" म्हटलं, मुलांनी पेन्सिली उचलल्या, आणि मामांनी घड्याळ दाबलं ते चांगलं अर्ध्या मिनिटानं. किती वर्षं हे चाललं होतं कोण जाणे. माझे सगळे निकाल फुगलेले!

"मामा, हे काय चाललंय?" मी भर वर्गात ओरडलो.

"सर, सुरुवातीले हात कापतात पोट्ट्याइचे. मंग बुद्धी मोजाची का कापरं मोजाचं?"

वर्ग हसला. उत्तर मला पटलं होतं, पण ते हसू झोंबलं. मी त्यांच्या हातातून घड्याळ काढून घेतलं आणि पुन्हा दिलं नाही. शास्त्रासाठी केलं, असं प्राचार्यांना सांगितलं. खरं कारण तुमच्या ध्यानात आलंच असेल.

त्यानंतरच्या चाचण्यांना मामा दाराशी जग धरून उभे असायचे. उन्हाळ्यात निवृत्त झाले आणि लेकाकडे देऊळगाव राजाला गेले. निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांत लांब भाषण मी केलं.

यंदा नवी मुलं समोर बसली. घड्याळ माझ्या हातात. "हात पुसून घ्या," मी म्हटलं. माझ्या तोंडून तो हुकूमच वाटला, मुलं आणखी ताठ झाली. "सुरू करा" म्हणत मी अंगठा घड्याळावर ठेवला, तर तोच कापायला लागला. सवयीनं दाराकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. अंगठा शांत होईपर्यंत मी थांबलो. चांगलं अर्धं मिनिट गेलं.