पंचनाम्यावरचा अंगठा

त्या वर्षी केजकडच्या एका गावात मी ग्रामसेवक होतो. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता. पाण्याचा टँकर आला तर आला, नाहीतर ओढ्याच्या वाळूत उकरलेला झिरा. बाया त्यातलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरत.

एका सकाळी सरपंचबाई आल्या आणि टेबलावर तांब्या ठेवला. पाणी काळ्या चहासारखं, वास सडक्या गुळाचा.

"भाऊसाहेब, हे प्या बरं तुमी," एवढंच म्हणाल्या.

आम्ही ओढ्यानं वर चालत गेलो. पुलाखाली काळं डबकं आणि टँकरच्या चाकांचे ठसे. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतलं मळीचं पाणी लांब नेऊन विल्हेवाट लावायचा ठेका एकाला दिलेला होता. तो आमच्या ओढ्यातच विल्हेवाट लावत होता.

मी तहसीलला लिहिलं, प्रदूषणाच्या कार्यालयाला लिहिलं. नमुना घ्यायला माणूस येईल असं उत्तर आलं. माणूस आला नाही. मग ग्रामसभेत ठराव मांडला, की गाडी दिसली की अडवायची. पुरुष मंडळी जमिनीकडं बघत बसली. कारखाना सहकारी, घरटी एक तरी सभासद.

"उद्या पाऊस पडला की ऊस लावायचाच हाय," एक म्हातारा म्हणाला. "कारखान्यानं तोडच दिली न्हाई तर तो ऊस कुणाच्या दारात नेऊन टाकायचा?"

सरपंचबाईंच्या नवऱ्याचाही हात खालीच राहिला. ठराव झाला, पण हात वर झाले ते बायांचे.

चार दिवसांनी भरदुपारी मळीचा टँकर सापडला. मी पोचलो तेव्हा सरपंचबाई गाडीसमोर उभ्या होत्या. ड्रायव्हर गावातलाच, वर्षापूर्वी लग्न झालेला.

"काकू, कावून अडवता? मालक म्हणतो तिथं रिकामा करतो. मी न्हाई आलो तर दुसरा येईल."

"त्यालाबी अडवीन."

पंचनाम्याला दोन पंच लागत. पाच-सहा पुरुष जमले होते. कागद पुढं केला तसं एकेकाला काम आठवलं. एक सही सरपंचबाईंच्या जावेनं केली. दुसरा हात पुढं आला तो ड्रायव्हरच्या आईचा. झिऱ्यावरून तशीच आली होती, पदर ओला.

"आई, तू नको," तो म्हणाला.

"माझा लेक ओततो म्हणून पाणी गोड लागतंय व्हय?"

तिनं शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबून धरला. तिचा हात स्थिर होता.

गुन्हा ड्रायव्हरवर दाखल झाला. ठेकेदाराचं नाव गावाला माहीत होतं, मलाही होतं. पण तहसीलातल्या बाबूनं बजावलं होतं, "डोळ्यानं दिसलं तेवढंच लिहा." मी तेवढंच लिहिलं. ते सोपं होतं. गाडी दंड भरून सुटली आणि दुसऱ्या कुठल्या तरी ओढ्याला जाऊ लागली. पोराचं काम गेलं. दिवाळीनंतर तो बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला. आम्ही पुलाच्या वरच्या अंगाला नवा झिरा खणला. पाणी चांगलं लागलं, पण बायांची पायपीट दुप्पट झाली.

पोरगा गेल्यावर आठ दिवसांनी त्याची आई ऑफिसात आली.

"माझ्या अंगठ्याच्या वर काय लिवलंय, वाचून दाखवा."

मी वाचलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मालकाचं नाव कुठं हाय?"

"नाही लिहिलं."

"तुमाला ठाऊक न्हवतं?"

"होतं."

ती शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग आता लिवा की," ती म्हणाली.

झालेल्या पंचनाम्यात काही घालता येत नाही, हे मी तिला कसंबसं समजावलं. त्याच दिवशी वेगळा अहवाल लिहिला, ठेकेदाराच्या नावासकट, आणि गटविकास अधिकाऱ्यांना पाठवला. दोन महिन्यांत माझी बदली झाली. अहवालामुळंच झाली असं म्हणवत नाही. बदल्या तेव्हा सगळ्यांच्याच होत होत्या.

उत्तर आलं की कळवतो, असं मी त्या बाईला सांगून निघालो होतो. उत्तर आलं नाही. आणि ते आलं नाही हे सांगायलासुद्धा मी त्या गावात परत गेलो नाही.