गडावरची पाहुणी

लग्नानंतर कितीतरी वर्षं असीरगड मी फक्त दुसऱ्यांच्या तोंडून पाहिला. आमच्या बुऱ्हाणपूरहून खंडव्याच्या रस्त्याला मोटार लागली की थोड्याच वेळात गडाचा पायथा येतो. आमच्याकडे आलेला एकही पाहुणा तो पाहिल्याशिवाय परत गेला नाही. पाहुण्यांसोबतच्या दशम्या मी करायचे, दुधात भिजवलेल्या, दुसऱ्या दिवशीही मऊ राहणाऱ्या. दशम्या गडावर जायच्या, मी घरी राहायचे.

आमचे हे शाळेत इतिहास शिकवत. घरात यांच्या तोंडातून शब्द काढावा लागे, पण पाहुणा उंबऱ्यात आला की यांना कंठ फुटायचा. "दख्खनचा दरवाजा आहे हा, दरवाजा!" मग मोगल बादशहा महिनोन् महिने पायथ्याशी कसा बसून राहिला, तोफांनी काही साधेना तेव्हा आतल्यांनाच सोनं कसं चारलं, आणि गडाची दारं आतून कशी उघडली. पुढे मराठी किल्लेदाराकडून तो इंग्रजांनी कसा घेतला. हे सगळं मी सिंधीपुऱ्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात पोळपाटापाशी बसून इतक्या वेळा ऐकलं, की कुठल्या वाक्याला हे चष्मा काढून पुसणार तेही मला पाठ होतं. मी कधी विषय काढला की ठरलेलं उत्तर मिळायचं. "अगं, गड काय पळून चालला का? जाऊ फुरसतीनं." यांना फुरसत व्हायची ती पाहुण्यांसाठीच.

राज्यांची फेरमांडणी झाली त्या वर्षी तर पाहुण्यांना ऊत आला. तोवर मलकापूरचं माझं माहेर आणि हे सासर एकाच राज्यात होतं, राजधानी नागपूर. एका सकाळी माहेर मुंबई राज्यात गेलं, आणि आम्ही भोपाळकडे तोंड करून नव्या मध्य प्रदेशात राहिलो. वऱ्हाडातले नातेवाईक "आता तुम्ही परमुलखातले झालात, एकदा येऊन जातो" म्हणत येऊ लागले, जसे काही मधले रूळच उखडणार होते. शाळेतल्या मराठी वर्गांचं पुढे काय होणार, अशी कुजबुज होती. त्याने हे खिन्न असत, आणि जितके खिन्न तितके जोरात गड दाखवत.

त्यातच माझी धाकटी बहीण आली. तिचा नवरा नागपूरला सरकारी कचेरीत होता, आणि आता कचेरीबरोबर त्यांचं बिऱ्हाड मुंबईला हलायचं होतं. हे तिला गडावर घेऊन गेले. संध्याकाळी परतली ती उन्हाने लाल होऊन, पदरात सीताफळं घेऊन. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो यांनी स्वतःच्या रुमालाने बांधून दिला होता. तो रुमाल मी शिवला होता.

"ताई, भाऊजी काय सुंदर सांगतात गं! लढाई डोळ्यांसमोर उभी राहते. आणि वर ते महादेवाचं देऊळ. महाभारतातला तो शापित वीर, कपाळाच्या जखमेला तेल मागत फिरणारा, पहाटे तिथं फूल वाहून जातो म्हणे. आज खरंच ताजं फूल होतं बघ. तुला काय बाई, मनात आलं की जात असशील."

मी कपबशा विसळत राहिले. अंगाचा तिळपापड झाला होता. त्या शापितालाही रोज वर जाता येतं, मला नाही! मला बहिणीचा हेवा वाटला, त्या दगडाधोंड्यांचा हेवा वाटला, आणि सगळ्यात जास्त यांच्या त्या आवाजाचा, जो माझ्यासाठी एकदाही निघाला नव्हता. तिने दिलेलं सीताफळ मी खाल्लं नाही. सासूबाईंनी खाल्लं आणि गोड आहे म्हणाल्या.

पुढे संक्रांतीच्या सुमाराला मी आठवडाभर माहेरी जाऊन आले. येताना भुसावळला गाडी बदलली, आणि दुसऱ्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसले असताना मला ते सुचलं.

एरवी माहेराहून आले की मी थेट मागच्या मोरीवर जाऊन पाय धुवायचे आणि चुलीशी बसायचे. त्या दिवशी समोरच्या खोलीत, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर घेऊन. हे वर्तमानपत्र वाचत होते.

"आलीस? चहा टाक बरं थोडा."

"मी मुंबई राज्यातून आली," मी माहेरच्या बोलीत म्हटलं. "गड पाह्याले आली. तुमी दाखोता म्हने सगळ्यायले."

यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "हे काय नाटक?"

"अरे, पाहुणी शे ना ती आज," आतून सासूबाई म्हणाल्या. पदर तोंडाला लावून हसत त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "पाणी आण तिले. रविवारी जा घेऊन. दशम्या मी लाटते."

यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा पाण्याचा तांब्या आणून दिला.

रविवारी गडाच्या चढणीवर हे आधी थट्टेनेच बोलत होते. "जपून हं, आपल्याला सवय नसेल." पण पहिला दरवाजा ओलांडला आणि थट्टा विसरले. तो आवाज निघाला. मोठ्या दाराच्या दगडावर हात ठेवून "आणि दारं आतून उघडली" म्हणाले, चष्मा पुसला. मला सगळं पाठ होतं, तरी अंगावर काटा आला. मशिदीचे दोन मिनार, पाण्याची तळी, ते देऊळ, एकेक मला सावकाश दाखवलं. सीताफळं केव्हाच संपली होती. तरी हे झुडपं चाळत राहिले, आणि एक वाळकं फळ आणून माझ्या हातावर ठेवलं.

खाली केळीच्या बागा हिरव्यागार दिसत होत्या. मी तटाला टेकून दशमी खात होते. सासूबाईंची दशमी जरा जाड झाली होती. तेव्हा यांनी प्रत्येक पाहुण्याला विचारायचा तो प्रश्न विचारला. "मग, कसं वाटलं आपल्याला आमचं बुऱ्हाणपूर?"

"चांगलं आहे. आणखी चार दिवस राहावंसं वाटतं."

"राहा की," हे म्हणाले. हसले नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी चुलीपाशी होते. "अगं, ऐकलंस का? शनिवारी अमरावतीचे येताहेत. दशम्या लागतील." मी परातीत पीठ घेतलं आणि दूध ओतलं.

बहिणीचा हेवा पुढे पार विरून गेला. गडावर मी नंतर कधी गेले नाही. पण पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेल्या त्या पाहुणीचा हेवा मला आजही वाटतो. तिला हे "राहा की" म्हणाले होते. मी तर राहतच होते.